तिशीच्या आतली तोंडं

सावजीचा रस्सा लहानपणापासून खात आलेला बावीस-तेवीस वर्षांचा नागपुरी मुलगा एके दिवशी म्हणू लागतो, आताशा तिखट सोसत नाही, तोंडाची आग होते. घरचे पित्तावरची गोळी देतात. काही महिन्यांनी अख्खी पाणीपुरी तोंडात जाईनाशी होते, फोडून खावी लागते. मग जांभई देताना गाल आतून ओढल्यासारखे वाटू लागतात. अशा मुलाला तोंड पूर्ण उघडायला सांगून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये एकावर एक तीन बोटं मावतात का ते पाहावं. बहुतेकदा दोनच मावतात. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातल्या दंतवैद्यांना हे चित्र इतकं ओळखीचं झालं आहे की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: खर्रा दिवसाला किती?

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचं तर खर्रा म्हणजे कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून पन्नीत बांधून दिलेला ऐवज. पश्चिम महाराष्ट्रातला मावा त्याच्या जवळचा. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पण गुटखा कारखान्यात तयार होतो, पाकिटात भरून गाडीतून येतो, म्हणून तो वाटेत अडवता येतो. खर्रा गिऱ्हाइकासमोर पानठेल्यावर ताजा घोटला जातो. त्याला कारखाना नाही, पाकीट नाही आणि पाकिटावरचं इशाऱ्याचं चित्रही नाही. शाळकरी मुलाला तो मिळायला काहीच अडचण पडत नाही.

तोंडाची आग आणि आवळत जाणारा जबडा या आजाराचं नाव सबम्यूकस फायब्रोसिस. १९५२ मध्ये श्वार्ट्झ या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये तो पाहिला आणि नोंदवला. पुढच्याच वर्षी डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातल्या रुग्णांमध्ये त्याचं वर्णन केलं. त्यामागची घडामोड आता बरीच उलगडली आहे. सुपारीतलं अरेकोलीन गालाच्या अस्तराखालच्या पेशींना कोलॅजेनचे धागे प्रमाणाबाहेर बनवायला लावतं. सुपारीत तांब्याचं प्रमाणही बरंच असतं, आणि हे धागे एकमेकांना पक्के जोडणाऱ्या एन्झाइमला तांबं लागतं. एकदा पक्के जोडले गेलेले धागे शरीराला सहजी विरघळवता येत नाहीत. वरचं गुलाबी अस्तर पातळ आणि पांढुरकं होत जातं, आणि खाली दोरीसारखे पट्टे तयार होतात. सुपारी सोडली तर आजार पुढे सरकणं मंदावतं. पण आवळलेलं तोंड पहिल्यासारखं मोकळं होत नाही. गोळ्या, इंजेक्शनं, जबड्याचे व्यायाम, शस्त्रक्रिया यांनी थोडंफार परत मिळवता येतं, एवढंच.

कर्करोगाचा धोका त्यानंतर येतो. केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवण्यात आलं होतं, आणि त्यांच्यातल्या ७.६ टक्क्यांना तोंडाचा कर्करोग झाल्याचं १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं. ‘मी तंबाखू टाकत नाही, नुसती सुपारी खातो’ हे समर्थन आजही ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला तिच्या स्वतःच्या बळावर कर्करोगकारक ठरवलं आहे, सोबत तंबाखू असो वा नसो. भारतात २०२२ या एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण असल्याचा अंदाज आहे, आणि मृत्यू सुमारे ८० हजार. निम्म्याहून अधिक रुग्ण दवाखान्यात पोचतात तेव्हा गाठ मोठी झालेली असते किंवा रोग मानेत उतरलेला असतो. आणि हे सगळं शरीराच्या अशा भागात, जो आरसा आणि उजेड एवढ्यावर दिसतो!

नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातून डॉ. विनय हजारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सबम्यूकस फायब्रोसिसच्या १००० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्य भारतातल्या या आजारावरचा तो फार महत्त्वाचा दस्तऐवज आहे. त्यात एका स्त्रीमागे जवळपास पाच पुरुष होते, आणि पुरुषांमध्ये हा आजार स्त्रियांपेक्षा स्पष्टपणे कमी वयात, तिशीच्या आत दिसत होता. माझ्या मते नागपुरात तोंडाच्या आजाराची तपासणी कशी करायची याची सगळी आखणी या एका निष्कर्षापासून सुरू व्हायला हवी.

प्रत्यक्षात ती दुसरीकडून सुरू होते. असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीसाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. आशाताई घरोघरी फॉर्म भरतात, तंबाखूची सवय विचारतात आणि तोंडाची तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी असं ठरलेलं आहे. ही मोठी आणि गरजेची योजना आहे. पण तिची वयोमर्यादा ३० वर्षं आणि त्यापुढची. देशभराचा विचार करता ती रेष समजण्यासारखी आहे, कारण कर्करोग बहुतांशी त्यानंतर दिसतो. विदर्भात मात्र कर्करोगाच्या आधीची पायरी तिशीआधीच चढून झालेली असते. पंधराव्या वर्षी खर्रा सुरू केलेल्या मुलाचं तोंड पहिल्यांदा कुणीतरी अधिकृतपणे बघेल तेव्हा त्याने १५ वर्षं खर्रा खाल्लेला असेल.

ही मधली जागा तरुणांनीच भरावी असं मला वाटतं, आणि तंत्रज्ञान त्यांच्या कामाला येईल ते इथेच. सध्या कोणती साधनं हाताशी आहेत ते बघू.

पहिलं साधन प्रकाशाचं. तोंडाच्या अस्तरावर निळा-जांभळा प्रकाश टाकला की निरोगी अस्तर हलकं हिरवट चमकतं. ही चमक पेशींमधल्या काही रेणूंची आणि अस्तराखालच्या कोलॅजेनची. पेशी बिघडू लागल्या की अस्तराची रचना आणि त्यातली रसायनं बदलतात, चमक कमी होते आणि तो भाग काळपट दिसतो. साध्या डोळ्यांना जिथे काही जाणवत नाही तिथेही कधीकधी हा काळा डाग दिसतो. तिरुवनंतपुरमच्या सॅसकॅन मेडिटेक या कंपनीने हातात धरायचं ‘ओरलस्कॅन’ नावाचं उपकरण याच धर्तीवर बनवलं. अडचण अशी की साधी सूज, दाताने चावलेली जागा, अस्तरातला नैसर्गिक काळेपणा हेही अंधारेच दिसतात. डाग कर्करोगाचाच आहे की नाही, हे नुसता प्रकाश सांगू शकत नाही.

दुसरं साधन फोनचं. बंगळुरूचे मुखरोगतज्ज्ञ आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांमधले प्रकाशशास्त्रज्ञ यांनी मिळून स्मार्टफोनला जोडायचं एक उपकरण तयार केलं. तोंडातल्या एकाच जागेचे दोन फोटो ते घेतं, एक साध्या उजेडात आणि एक निळ्या. २०१८ मध्ये त्यांनी हे दोन्ही फोटो संगणकाच्या न्यूरल नेटवर्कला शिकवून संशयास्पद तोंडं वेगळी काढून दाखवली. इथे ‘शिकवणं’ म्हणजे काय, तर तज्ज्ञांनी आधी तपासलेले शेकडो-हजारो फोटो, प्रत्येकावर ‘ठीक’ किंवा ‘संशयास्पद’ अशी खूण करून, संगणकापुढे ठेवायचे. रंग, कडा, पोत यांचा कोणता मेळ कोणत्या खुणेशी जुळतो हे तो स्वतः शोधतो. दाखवलेल्या फोटोंपलीकडचं शहाणपण त्याच्याकडे नसतं. खर्ऱ्याने रंगलेले दात, चुन्याने पोळलेला गाल, पांढुरकं पडलेलं पण कर्करोग नसलेलं अस्तर हे त्याने कधी पाहिलंच नसेल, तर नागपुरात तो गोंधळणारच. त्यामुळे व्हीएनआयटीत किंवा नागपूरच्या आयआयआयटीत शिकणाऱ्या, या विषयात काही करू पाहणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे की आणखी एक अ‍ॅप बनवण्याआधी शासकीय दंत महाविद्यालयाच्या मुखरोग विभागात जाऊन बसा. संमती घेऊन, नाव-चेहरा वगळून, बायोप्सीचा निकाल जोडलेला वैदर्भीय तोंडांचा फोटोसंग्रह उभा राहिला तर पुढची वीस वर्षं देशभरातले संशोधक त्यावर काम करतील. अ‍ॅपची कधीच कमतरता नव्हती.

तिसरं साधन लाळेचं, आणि इथे नागपूरचंच नाव घ्यावं लागतं. लाळ दिवसभर त्या अस्तराला धूत असते, तेव्हा तिथल्या बिघडलेल्या पेशींचे अंश तिच्यात उतरणारच, हा मूळ विचार. लॉस एंजलिसच्या विद्यापीठात डेव्हिड वाँग यांच्या गटाने २००४ मध्ये ३२ रुग्ण आणि ३२ निरोगी माणसं यांच्या लाळेची तुलना केली. काही ठरावीक आरएनए रेणू मोजून त्यांना दोन्ही गट ९१ टक्के अचूकतेने वेगळे करता आले. रुग्णाला रुग्ण म्हणण्यात ९१ टक्के आणि निरोग्याला निरोगी म्हणण्यातही ९१ टक्के. तेव्हापासून लाळेवर जगभर काम चालू आहे. नागपूरच्या शुभेंद्रसिंह ठाकूर आणि डॉ. देवव्रत बेगडे यांनी उभी केलेली ‘अर्लीसाइन’ ही कंपनी त्याच वाटेवर आहे: तोंडात चट्टा किंवा गाठ दिसू लागण्याआधी लाळेतून तोंडाच्या कर्करोगाची चाहूल लागावी, हे तिचं उद्दिष्ट. ज्या शहरात पानठेल्याशिवाय चौक सापडत नाही त्या शहरातून ही खटपट व्हावी याचं मला मोल वाटतं. सुई टोचायची नाही, गालाचा तुकडा काढायचा नाही. दवाखान्याला घाबरणारा मुलगाही एवढं करून देईल.

पण ९१ टक्के या आकड्यापाशी थोडं थांबायला हवं. तपासणीचं तंत्र बनवणाऱ्या उत्साही तरुणांची गफलत होते ती इथेच.

समजा एका मोहल्ल्यातल्या सरसकट १००० माणसांची अशी ९१-९१ टक्के अचूक चाचणी केली, आणि त्यांच्यातल्या १० जणांना खरोखर धोका आहे. चाचणी त्या १० पैकी ९ जणांना पकडेल. उरलेल्या ९९० निरोगी माणसांतल्या ९ टक्क्यांना, म्हणजे ८९ जणांना, ती चुकून धोका आहे असं सांगेल. ज्यांना ‘काहीतरी आहे’ असा निरोप गेला अशी ९८ माणसं, आणि त्यांच्यात खरी ९. बाकीच्या ८९ घरांमध्ये त्या रात्री कुणी जेवणार नाही. आता तीच चाचणी फक्त नियमित खर्रा खाणाऱ्या १००० जणांची करा. त्यांच्यात समजा १०० जणांच्या तोंडात खरंच काही बिघाड आहे. चाचणी ९१ जणांना बरोबर पकडेल, आणि ९०० निरोग्यांपैकी ८१ जणांना उगीच घाबरवेल. निरोप गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त आता खरे आहेत. यंत्र तेच, अचूकता तीच. बदल झाला तो चाचणीआधी विचारलेल्या एका फुकटच्या प्रश्नाने: भाऊ, खर्रा खातोस का?

हे गणित कागदावरचं असलं तरी त्याला फार मोठ्या प्रयोगाचा आधार आहे. १९९६ पासून तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १३ पंचायतींमधल्या सुमारे १ लाख ९० हजार लोकांवर तोंडाच्या तपासणीचा अभ्यास झाला. काही पंचायतींत तपासणी, काहींत नेहमीचीच व्यवस्था. घरोघरी जाऊन तोंड बघणारे डॉक्टर नव्हते, आरोग्य कार्यकर्ते होते. त्यांना शिकवून तयार केलेलं होतं. हातात टॉर्च, आणि काय शोधायचं ते पक्कं माहीत. डॉ. आर. शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये निकाल मांडले. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणीमुळे ३४ टक्क्यांनी घटले. सवय नसलेल्यांमध्ये तसा फायदा दिसला नाही. १५ वर्षांनंतरच्या आढाव्यात सवय असलेल्यांतली घट २४ टक्के होती. चारही फेऱ्यांना तोंड दाखवणाऱ्यांमध्ये तर ती ८१ टक्के निघाली. चारही वेळा न चुकता येणारी माणसं मुळातच प्रकृतीला जपणारी असू शकतात, त्यामुळे हा शेवटचा आकडा जसाच्या तसा तपासणीच्या खात्यावर जमा करता येत नाही. तरीही पुन्हा पुन्हा बघण्याचं वजन त्यातून कळतं.

महाराष्ट्रातही अशी परंपरा आहे, आणि ती आपण विसरत चाललो आहोत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागातून डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १ लाख १ हजार ७६१ खेडूतांची तोंडं तपासून १९७२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला होता. ना स्मार्टफोन, ना संगणकाचं जाळं. चांगल्या उजेडात नीट बघायला शिकलेली माणसं, आणि हरवू न दिलेले कागद. आज तंत्रज्ञानाचं जे काही करायचं ते या दोन गोष्टींच्या खांद्यावर बसूनच.

कॅमेऱ्याची आणखी एक मर्यादा विदर्भात फार जाणवते. सबम्यूकस फायब्रोसिस झालेलं तोंड उघडतच नाही, त्यामुळे घशाकडच्या भागापर्यंत फोन पोचत नाही. शिवाय या आजारातले दोरीसारखे पट्टे दिसण्याआधी बोटाला लागतात. अनुभवी डॉक्टर हातमोजा घालून गालाच्या आतून बोट फिरवतात आणि अस्तर लवचीक आहे की ताठर हे त्यांना लगेच कळतं. फोटो कितीही स्पष्ट असला तरी हा स्पर्श त्यात उतरत नाही. दंत महाविद्यालयांच्या शिबिरांमध्ये इंटर्न मुलंमुली जातात, तेव्हा त्यांच्याकडे ही दोन्ही साधनं असतात: खिशात फोन आणि शिकलेलं बोट. एखादं शिबिर पानठेल्याजवळ, संध्याकाळी, पोरं जमतात त्या वेळेला घेतलं तर तिशीच्या आतली तोंडं सापडतील. सकाळी दहाला समाजमंदिरात घेतलं तर तीच मुलं कामावर किंवा कॉलेजात असतील आणि आजी-आजोबांचे दात बघून शिबिर संपेल.

सापडल्यावर काय, हा प्रश्न तर सगळ्यात अवघड. संशयित चट्ट्याचा निकाल बायोप्सीच देते. त्यासाठी मुलाला मेडिकल चौकात शासकीय दंत महाविद्यालयात यावं लागतं, किंवा राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात, किंवा जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत. कळमन्याच्या बाजारात हमाली करणाऱ्याचा त्यात दिवसाचा रोज बुडतो. तो येत नाही. शिबिराच्या वहीत नाव राहतं, माणूस राहत नाही. या ठिकाणी मात्र साधं तंत्रज्ञान फार उपयोगी आहे, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. कोण सापडलं, कोणाला कधी बोलावलं, कोण आलं नाही याची रोजची यादी फोनवर दिसणं. न आलेल्याला त्याच्या वस्तीतल्याच ओळखीच्या पोराने फोन करणं. बायोप्सीच्या दिवशी सोबत कुणीतरी असणं. सोबत यायला तयार असलेला मित्र मिळाला तर दहा उपकरणांचं काम होतं, असं मी मनापासून म्हणतो.

घरच्या घरीही बरंच बघता येतं. आरशासमोर उभं राहून फोनचा टॉर्च लावायचा. दोन्ही गाल आतून, ओठ उलटून, जिभेच्या दोन्ही कडा, जीभ वर करून तिच्याखालची जागा आणि टाळू एवढं महिन्यातून एकदा नीट बघायचं. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, कारण नसताना हललेला दात, तिखटाने होणारी आग, मानेत गाठ, यातलं काहीही दिसलं तर फोटो गटात टाकून मतं मागवण्यात वेळ घालवू नये, तोंड डॉक्टरांना दाखवावं. सवय सोडायची असेल तर १८००-११२-३५६ ही सरकारी मदतवाहिनी मोफत आहे.

आणि एक प्रस्ताव. त्याला जवळजवळ खर्च नाही. कॉलेजात, आयटीआयमध्ये, खेळाच्या निवडीत वैद्यकीय दाखला घेतलाच जातो. त्यावर उंची असते, वजन असतं. त्यात तोंड किती मिलिमीटर उघडतं हा एक रकाना घालावा. समोरच्या वरच्या आणि खालच्या दातांच्या टोकांमधलं अंतर, साध्या पट्टीने. खन्ना आणि अंद्राडे यांनी १९९५ मध्ये या आजाराचे टप्पे ठरवताना हेच अंतर धरलं: २६ ते ३५ मिलिमीटर म्हणजे आजार सुरू झालेला, १५ ते २५ म्हणजे मध्यम, त्याखाली तीव्र. पण दरवर्षी मोजलं तर ३५ पर्यंत वाट बघायचीही गरज नाही. प्रत्येकाचं तोंड वेगळं, म्हणून एकदाच घेतलेलं माप फारसं बोलत नाही; त्याच मुलाचं पहिल्या वर्षीचं आणि तिसऱ्या वर्षीचं माप शेजारी ठेवलं की बोलतं. अठराव्या वर्षी ४६ असलेलं अंतर विसाव्या वर्षी ४० झालं असेल तर त्या मुलाला अजून आग होत नसेल, पाणीपुरीही अख्खी जात असेल, आणि कोणताही तक्ता त्याला रुग्ण म्हणणार नाही. फोनवरच्या नोंदीत मात्र ते सहा मिलिमीटर लाल रंगात दिसतील, आणि त्याच आठवड्यात त्याला मेडिकल चौकात बोलावता येईल.